समासातल्या खुणा
मुलांनो, खाकी कागदाच्या वासाने आज ती संध्याकाळ पुन्हा समोर आली. इतिहासाच्या एका ऑनलाइन गटात कोणीतरी टोपणनावाने जर्मन हुकूमशहाची शिस्त वाखाणत होता आणि मीही टोपणनावानेच ठाकुर्लीहून त्याला उत्तरं देत होते. ‘आधी वाचत जा,’ म्हणत त्याने पुस्तकाच्या पानाचा फोटो टाकला. समासात माझ्याच शिसपेन्सिलीच्या खुणा होत्या. ते पुस्तक मी बाळकुमला राहणाऱ्या धाकट्या भावाला दिलं होतं. लगेच त्याला फोन लावला आणि म्हटलं, “पान उलट. पुढे छळछावण्यांबद्दल आहे.” तो मग म्हणाला, “ताई, तू शिकवणं कधी सोडणार गं?” भाऊबीजेला ओवाळताना आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. जाताना त्याने पुस्तक परत दिलं. आज त्या पुस्तकाला नवं खाकी कव्हर घालायला घेतलं, तर भावाने खुणेसाठी घातलेलं बसचं तिकीट अजून फोटोतल्या त्याच पानात आहे.