खेळपट्टीवरची खुर्ची

गावच्या मैदानाची खेळपट्टी बावीस वर्षं माळीकाकाच राखत होते. आजच्या सामन्यासाठी आठ दिवस रोलर ओढून त्यांनी ती फरशीसारखी टणक केली होती. सकाळी येऊन बघतात तर क्लबचे अध्यक्ष पाइप धरून उभे, आणि खेळपट्टीचा नुसता चिखल.

"फोटोत धूळ दिसायला नको, म्हणून जरा पाणी मारलं," अध्यक्ष हसत म्हणाले.

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ते ओरडले नाहीत. पाहुण्यांसाठी मांडलेली एक खुर्ची उचलून त्यांनी खेळपट्टीच्या मधोमध आणून ठेवली.

"मग बसा साहेब, फोटोला."

अध्यक्ष कॉलर सारखी करून ऐटीत बसले. दोन्ही संघांसमोर खुर्चीचे चारही पाय रुतत गेले.

"काढ रे फोटो," काका फोटोग्राफरला म्हणाले. "आज मैदानावर दुसरं काही होणार नाही."