मोहाखालचा पाहुणा

घरी मी पुष्कळ खोटं बोलले असेन, पण ते विरून गेलं. एक मात्र राहिलं. "पिशवीत पुस्तकं आहेत, बाबा." एवढंच वाक्य. आता माझं एमबीबीएसचं शेवटचं वर्ष चालू आहे आणि खाई त्याला खवखवे म्हणतात ना, तसं ते मला अजून खवखवतं.

आमचं गाव देवरीहून आत, जंगलाच्या कडेला. आम्ही गोंड. बाबांची थोडी बांधी, म्हणजे धानाचं शेत, बाकीचे दिवस जंगलातली कामं, उन्हाळ्यात तेंदूपत्ता. नीटची परीक्षा नेमकी पत्त्याच्या हंगामात येते. दोन उन्हाळे माय एकटी पत्ता तोडायला गेली आणि मी पंख्याखाली बसून पानं उलटली. पहिल्या खेपेला नंबर लागला नाही.

दुसऱ्या खेपेला यादी लागली तेव्हा बांधीत निंदण चालू होतं. आमच्या गावात फोनला रेंज एकाच ठिकाणी येते, शाळेच्या हापशीपाशी. तिथं उभं राहून मी यादी पाहिली, चारदा पाहिली, आणि चिखल तुडवत बांधीकडे पळाले. बाबांनी वाकल्यावाकल्याच विचारलं, "लागला का नंबर?"

"लागला."

"मंग रडून कायले राहिली?" असं म्हणून त्यांनी हातातलं गवत धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, टाकलं आणि स्वतःच डोळे पुसले.

मग कागदपत्रं. जातीचा दाखला, त्याची व्हॅलिडिटी, रहिवासी, शाळा सोडल्याचा. बाबांनी ती सगळी एका प्लॅस्टिकच्या थैलीत घातली आणि थैली छातीशी धरून माझ्यासोबत कॉलेजपर्यंत आले. कॉलेज नागपूरकडचं. आत गेल्यावर ते कोणाला काही विचारत नव्हते, भिंतीला पाठ लावून उभे होते. प्रवेश झाल्यावर मी हॉस्टेल बघायला गेले आणि ते बाहेर कडुनिंबाखाली बसून राहिले.

हॉस्टेलवर एक सीनियर भेटली, साकोलीकडची. आपल्या भागातली पोरगी म्हणून तिनं मला खोलीत नेलं आणि काय काय लागतं ते सांगितलं. दोन ॲप्रन, चिरफाडीच्या हत्यारांची पेटी, जाडी पुस्तकं आणि हाडं. खाटेखालून तिनं एक मळकी पिशवी ओढली. अर्धा सांगाडा होता तो. कवटी, मणके, फासळ्या आणि एका बाजूचे हात-पाय. खरी हाडं.

"प्लॅस्टिकवर खाचा नीट समजत नाहीत," ती म्हणाली. "क्लास सुरू व्हायला महिना आहे. घरी बसून पाठ कर. इंग्लिश मीडियमची पोरं पहिल्याच आठवड्यात पुढं निघून जातात. मी रडले होते, तू रडू नको. एकच अट. मला हा सेट माझ्या सीनियरनं दिला, तिला तिच्या सीनियरनं. वर्ष झालं की पुढच्या पोरीला द्यायचा. एक हाड कमी नको."

मी हो म्हणाले. मला भीती एकच होती, पहिल्या आठवड्यात मागं पडण्याची. दोन उन्हाळे मायच्या जिवावर काढल्यावर वर्गात मुकी बसून राहिले असते तर मायला तोंड कोणतं दाखवलं असतं?

आणि बाबांना सांगायचं काय, हा विचार मी कडुनिंबापर्यंत येता येता केला. आमच्या घरात माणूस जाळत नाहीत, मातीत ठेवतात. माती मिळाली की तो घरच्या जुन्या माणसांत जाऊन बसतो आणि नव्या धानाचा पहिला घास त्याला मिळतो. ज्याला माती मिळाली नाही तो भटकत राहतो, आणि असा कोणी दारात असताना घरात नवं शिजत नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तर मी पुस्तकं म्हणाले.

बसमध्ये कंडक्टरनं पिशवी मागं ठेवायला सांगितली. बाबांनी ऐकलं नाही, मांडीवरच घेतली. कोहमाऱ्याला बस थांबली, लोक चहाला उतरले, बाबा उतरले नाहीत. "विद्या हाय, सोडून कसा जाऊ?" बाजूच्या माणसानं हिंदीत विचारलं, "काका, इतना क्या सँभाल के रखे हो?" बाबा अशा ऐटीत कधी बोललेले मी ऐकले नव्हते. "बच्ची डॉक्टर बन रही है. उसकी किताबें हैं." मी खिडकीबाहेर बघत राहिले.

फाट्यावर उतरल्यावर त्यांनी पिशवी डोक्यावर घेतली. गाव येईपर्यंत घेऊन चालले. मधेच म्हणाले, "आत खडखडून राहिलं वं."

"पेनांचा डबा आहे," मी पटकन म्हणाले. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. त्यांनी पिशवी डोक्यावर नीट बसवली. घरी येऊन त्यांनी पिशवी ठेवली कुठं? आमच्या जुन्या माणसांचा कोपरा आहे तिथं, धान ठेवायच्या कणगीजवळ. विद्येला पाय लागू नये म्हणून.

पुढचे दिवस मी रोज दुपारी, दोघं बांधीवर गेली की, दाराला कडी लावून हाडं काढायचे. उजवं कोणतं, डावं कोणतं, कुठली खाच कशासाठी. इंग्रजी नावं जिभेवर बसायला लागली. खरं सांगते, मला मजा येत होती. ही कोणाची हाडं आहेत, असा प्रश्न एका दुपारीही मनात आला नाही.

नवं धान खायचा सण जवळ आला तशी मायनं घर सारवायला काढलं. मी त्या दिवशी मेडिकल फिटनेसचा दाखला आणायला देवरीला गेले होते. परत आले तर कोपरा रिकामा, कणगीमागं नवं शेण सुकत होतं. चूल पेटलेली नव्हती. बाबा अंगणात ओल्या केसांनी बसले होते, नुकतीच आंघोळ केल्यासारखे.

"पिशवी कुठं आहे?"

"सारवतानी तुया मायनं पिशवी उघडली. माती देल्ली त्याले," बाबा म्हणाले. "धुऱ्यावरच्या मोहाखाली. गावच्या माती द्यायच्या जागेत नेलं असतं तं चार लोक इचारले असते. तुयं नाव खराब झालं असतं."

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा डोक्यात तिडीक गेली. "कोनाले इचारून केलं? अभ्यासाची हाडं होती ती. लोकाची वस्तू होती. तुमाले काही समजते काय? अडाणी ते अडाणीच."

हा शब्द मी बाबांना बोलले. ज्या माणसानं माझे कागद छातीशी धरून आणले त्याला. माय भिंतीशी उभी होती, तिनं खाली पाहिलं. बाबांना राग आला नाही, आला असता तर बरं झालं असतं.

"मी डोक्यावर आनलं त्याले, बाई," ते म्हणाले. "घरात बसवलं. अन् इतके दिवस पानी बी नाही इचारलं. तू सांगितली असती तं पानी तरी देल्लो असतो." मग म्हणाले, "बाप्या होता का बाई होती?"

"मले का मालूम?" मी म्हणाले आणि आत जाऊन पडले.

दुसऱ्या दिवशी घरात नवं शिजलं. जुन्या माणसांना पानाच्या दोन्यांतून, म्हणजे द्रोणांतून, घास दिले आणि बाबांनी एक दोना जास्तीचा लावला. तो घेऊन मोहाकडे गेले. "पाव्हन्याचा," मायनं मला सांगितलं, मी विचारलं नसताना.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी दोघंही देवरीला गेली. मी कुदळ घेतली आणि भर दुपारी मोहाखाली जाऊन उकरायला बसले. हे मी रागात केलं असतं तर निदान सांगता आलं असतं. मी शांतपणे केलं. दार नीट लावून, पाणी सोबत घेऊन.

वर उभा लावलेला दगड बाजूला काढला. माती भुसभुशीत होती. हातभर खोल गेल्यावर बाबांचा दुपट्टा लागला. नव्यासाठी घेतला होता, घडी मोडली नव्हती तो. दुपट्टा उचलला तर खाली हाडं मांडलेली. कवटी एका टोकाला, मग मणके ओळीनं, फासळ्या, हाताच्या जागी हात, पायाच्या जागी पाय. उजवी बाजू सगळी लावली होती आणि डाव्या बाजूला तेवढीच जागा मोकळी सोडली होती. बाबांनी कोणतं पुस्तक पाहिलं होतं? मी इतके दिवस जे पाठ करत होते ते त्यांनी नुसतं हातानं चाचपून जवळपास बरोबर लावलं होतं. छातीपाशी मूठभर तांदूळ, वाळलेली मोहफुलं, एक बिडी आणि काडेपेटी.

मी थांबायला पाहिजे होतं. तिथं कोणीही थांबलं असतं. मी एकेक हाड उचललं आणि पिशवीत टाकलं.

सीनियरनं दिलेल्या यादीशी मोजलं तर एक कमी. गुडघ्याची वाटी. सुपारीपेक्षा जरा मोठं हाड. माती चाळली, बोटांनी चाळली, सापडेना. ऊन कलायला लागलं, बाजारची माणसं परतायची वेळ झाली. मी वैतागून नाद सोडला. दुपट्टा खड्ड्यात होता तसा पसरला, तांदूळ, बिडी, काडेपेटी जागेवर ठेवली, माती ओढली, वर दगड उभा केला. हाडं नाल्यावर साबणानं धुतली, माझ्या खोलीत पत्र्याच्या पेटीत कपड्यांखाली ठेवली, वर कुलूप घातलं. बाबांना वाटलं मी कॉलेजला जायची तयारी करून राहिली आहे. तीच तर करत होते.

सीनियरला सांगितलं की वाटी बसमध्ये पडली. ती म्हणाली, "जाऊ दे, एवढं काय."

पहिल्या आठवड्यात मी मागं पडले नाही. सरांनी हाड हातात देऊन बाजू विचारली की माझा हात आधी वर जायचा. पोरी म्हणायच्या, तुझं कसं झालं एवढं? घरी केलं होतं, मी सांगायचे.

तोंडी परीक्षेच्या आधी एका सकाळी त्याच सेटमधलं कमरेचं हाड घेऊन बसले होते. बाईचं की पुरुषाचं ते त्यावरून ओळखायचं असतं. मागची खाच रुंद होती. पुन्हा पाहिलं, अंगठा घालून पाहिलं. बाई होती. वयानंही लहान, हाडाच्या कडा जेमतेम जुळलेल्या. माझ्याहून फार मोठी नसणार. बाबांनी त्या दिवशी अंगणात हेच विचारलं होतं, आणि आता मला उत्तर येत होतं. परीक्षेत असाच प्रश्न आला, मार्क मिळाले. बाबांना मी काहीच सांगितलं नाही. काय सांगणार होते? तुम्ही बिडी ठेवली ती एका पोरीला ठेवली, आणि ती तिथं नाहीच, माझ्या खाटेखाली आहे?

वर्ष संपलं, सेट मी पुढच्या पोरीला दिला. आता तो कोणाकडे आहे ते मला माहीत नाही.

बाबा मात्र दरवर्षी जातात. नव्याला दोना, उन्हाळ्यात पाणी. मोह वेचायला गेले की पहिली ओंजळ दगडापाशी. फोनवर मायची तब्येत, बैलाची तब्येत सांगून झाली की म्हणतात, "पाव्हना बरा हाय." आधी मला वाटायचं, गंमत करतात. ते गंमत करत नाहीत.

यंदा नव्याला मी घरी गेले. बाबांचे गुडघे धरले आहेत, ओसरीची पायरी उतरतानाही खांब पकडतात. दोना माझ्या हातात देऊन म्हणाले, "तूच जा यंदा. त्याले सांग, मी आलो नाही, गुडघे दुखून राहिले."

मी गेले. दगडापाशी दोना ठेवला. बाबांचा निरोप मात्र सांगितला नाही. खाली एक सडलेला दुपट्टा आणि एक वाटी. त्या वाटीवर तेव्हा मी किती चरफडले होते. आता तीच तेवढी आहे तिथं, आणि ती राहिली यात माझा काही चांगुलपणा नाही.

परत येताना ठरवलं, आज सांगायचंच. बाबा ओसरीवर पाय पसरून बसले होते. मी तेलाची वाटकी घेऊन त्यांच्या पायाशी बसले, गुडघा तपासायला हात लावला. अंगठ्याखाली त्यांची वाटी हलली, खाली कुरकुरली. मी म्हणाले, "बाबा, त्या खड्ड्यात..."

"खड्डा म्हनू नको वं," बाबा म्हणाले. "घर हाय त्याचं." मग डोळे मिटून, तेल मुरू देत म्हणाले, "तुले सांगूनच ठेवतो. माया वेळेस गावच्या जागेत नेऊ नका. तिथं सगळे आपलेच हायत. मले मोहाखाली ठेवजा, त्याच्या बाजूले. बिचारा एकटाच हाय इतके वर्सं."

माझा अंगठा त्यांच्या गुडघ्यावरच होता.

"बरं बाबा," मी म्हणाले.