वन्संच्या अकरा पिशव्या

आमच्या वन्संना येत नाही असं एकही काम या पुण्यात नाही, आणि त्यांनी पूर्ण केलंय असंही एक नाही. वन्सं म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. वय सदुसष्ट, मुक्काम आत्ताआत्तापर्यंत कर्वेनगर, दुसरा मजला. मुलगा आणि सून नोकरीच्या सोयीसाठी तिकडे वाघोलीला राहतात. आठ वर्षांपूर्वी वन्संचे यजमान गेले. अशा वेळी बायका देवधर्माकडे वळतात, भजनी मंडळात जातात. वन्संनी ड्रिल मशीन आणलं. पहिल्याच दिवशी हॉलच्या भिंतीला चार भोकं पाडली, कारण तिथे फळी बसवायची होती. फळी आली, तिला पॉलिश करायला घेतलं, अर्धी फळी चकाकायला लागली आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातला नळ टपकायला लागला. नळाचा वॉशर काढताना ओट्याखालच्या कपाटाचं बिजागर सैल दिसलं. बिजागर काढलं तर दाराचा रंग उडालेला. रंगाचा डबा उघडेपर्यंत दुपारचे चार वाजले आणि चहाची वेळ झाली. ती अर्धी चकाकणारी फळी तेव्हा जी कॉटखाली गेली ती गेलीच.

काम अर्धवट सोडण्याची वन्संची म्हणून एक शिस्त आहे आणि तीच माझ्या डोक्यात जाते. निव्वळ आळशी माणूस परवडला. प्रत्येक अर्धवट कामाची एक कापडी पिशवी असते. त्या कामाचे स्क्रू, ब्रश, पॉलिश पेपर, उरलासुरला तुकडा असं सगळं तिच्यात भरायचं आणि पिशवी त्या कामाच्या शेजारीच खिळ्याला अडकवायची, म्हणजे पुढच्या वेळी शोधाशोध नको. पिशव्या सगळ्या लग्नामुंजीत मिळालेल्या, त्यामुळे घरभर कुणाकुणाचे शुभविवाह लटकत असायचे. एकूण अकरा. नवीन माणूस आला की, गावाला निघालात का, असं विचारायचा. खिळा मात्र वन्सं तिथल्या तिथे आणि पक्का ठोकायच्या. त्या घरात पूर्ण झालेलं काम दाखवा म्हटलं असतं तर मी ते अकरा खिळे दाखवले असते.

या सगळ्यात मी कुठे येते? मी स्टूल धरते. दर शनिवारी जेवणं आटोपून मी जरा आडवी होते न होते तोच फोन यायचा. “अगं, येतेस का? एका माणसाचं काम नाही हे.” की मी निघाले सदाशिव पेठेतून स्कूटर काढून. तिथे गेल्यावर मी स्टूल धरायचं, टॉर्च धरायचा, स्क्रू तोंडात नव्हे तर हातात धरायचे (तोंडात धरले तर वन्सं ओरडायच्या), आणि वन्संनी वर चढून एक पिशवी उघडायची, दुसरीच आठवायची आणि चहा टाकायला उतरायचं. माझ्या यजमानांना मी कितीदा म्हटलं, तुमची बहीण आहे, तुम्ही जा एकदा. ते म्हणायचे, “ताईला तुझंच स्टूल धरणं आवडतं.” बहिणीला टरकून असणाऱ्या माणसाला अशी उत्तरं बरोबर सुचतात.

कामांइतक्याच अर्धवट वन्संच्या घरगुती टिपा. मुंग्यांना हळद, फ्रिजच्या वासाला लिंबाची फोड, तांब्याला चिंच, सगळं त्यांना तोंडपाठ. एकदा माझ्याकडून दूध करपलं. फोन केला तर म्हणाल्या, धुण्याचा सोडा टाकून पाणी उकळ, करपलेलं आपोआप सुटेल. करपलेलं सुटलं, पण माझं माहेरचं पातेलं काळंठिक्कर पडलं. मी तणतणत पुन्हा फोन केला. पलीकडून अगदी शांतपणे उत्तर आलं, “अ‍ॅल्युमिनियमला चालत नाही, हे पुढचं वाक्य होतं. तू फोन ठेवलास.” ते पातेलं मी आजही वापरते, आणि दर वेळी घासताना चिडते.

काही महिन्यांपूर्वी वन्संच्या सोसायटीचं पुनर्विकासाचं एकदाचं ठरलं. सगळ्यांनी महिनाभरात घरं रिकामी करायची, मग इमारत पाडणार आणि नवीन घर मिळायला तीन-चार वर्षं. तोवर वन्संसाठी भाच्याने, म्हणजे त्यांच्या मुलाने, वाघोलीत त्याच्याच सोसायटीत भाड्याचा फ्लॅट बघितला. मला सुटल्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू. वाघोली म्हणजे शहराचं दुसरं टोक. तिथे काही कोणी मला स्टूल धरायला बोलवणार नाही, आता शनिवारी मी पाय ताणून झोपेन, असं मी मनाशी पक्कं केलं. सामान बांधायला मदत म्हणून गेले तर वन्सं कपाटाच्या दाराला रंग देत होत्या. खोकी घडी घालून तशीच भिंतीला टेकवलेली.

पहिल्यांदा मला वाटलं, ताणाने काहीतरी झालंय. आठ वर्षांत जे झालं नाही ते त्यांनी त्या एका महिन्यात करायला घेतलं, आणि एका वेळी एकच. एक पिशवी रिकामी झाली की धुऊन, इस्त्री करून घडी. बिजागर बसलं. बाथरूमच्या निघालेल्या तीन फरश्या बसल्या. मी रोज जाऊन स्टूल धरत होते आणि रोज वैतागत होते, कारण वाघोलीला जायची भांडीसुद्धा बांधून झाली नव्हती. शेवटी सोसायटीचे चेअरमन चावीचं विचारायला आले आणि दारातच थबकले. म्हणाले, “अहो काकू, पाडायची आहे ही बिल्डिंग.”

वन्संनी ब्रश खाली ठेवला नाही. म्हणाल्या, “पाडायची आहे म्हणून काय अर्धवट पाडायची?”

चेअरमन चावीचं न विचारता गेले.

अकरावी पिशवी पहिल्या फळीची होती. ट्रक खाली येऊन उभा होता तेव्हा आम्ही ती बसवली. आठ वर्षांपूर्वी पाडलेली चारही भोकं बरोबर जुळली. फळी अंगभर चकाकत होती आणि तिच्यावर ठेवायला घरात काहीही उरलं नव्हतं. आम्ही दोघी खाली फरशीवर बसून थर्मासमधला चहा प्यायलो. सगळं घर पहिल्यांदाच पूर्ण दिसत होतं. मी म्हटलं, झालं एकदाचं. वन्संनी मान हलवली, पण चेहरा पडलेला होता. म्हणाल्या, “आता तुला कशासाठी बोलवू गं?”

मी कप विसळायला उठले.

त्यानंतरच्या शनिवारी मी झोपले. म्हणजे आडवी झाले आणि फोनकडे बघत राहिले. त्याच्या पुढच्या शनिवारी मीच फोन केला. वाघोलीतल्या घराचा मालक भिंतीला खिळासुद्धा ठोकू देत नाही, असं कळलं. “इथे सगळं बरोबर आहे गं,” वन्सं म्हणाल्या, “काही करायलाच नाही.” दुखणं सांगावं तशा आवाजात हे बोलल्या. मला फार वाईट वाटलं, आणि आठ वर्षं त्यांच्या नावाने बोटं मोडली त्याचीही लाज वाटली.

तिसऱ्या शनिवारी सकाळीच मी फोन लावला. म्हटलं, आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीची डासांची जाळी फाटलीय, एका माणसाचं काम नाही. खरं तर जाळी धडधाकट होती. तिचा कोपरा फोन करण्याआधी मीच कात्रीने कापला होता.

दोन बस बदलून, ड्रिल मशीन पोटाशी धरून वन्सं आल्या. जाळीला ड्रिल कशाला, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी स्टूल धरलं. त्यांनी जुनी जाळी काढली, नवी मापाने कापली, तीन बाजू तासाभरात चिकटवल्या. मग चौथ्या बाजूकडे नीट बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि खाली उतरून म्हणाल्या, “चहा टाक. ही बाजू पुढच्या शनिवारी. आज हात दुखतोय.” हात काही दुखत नव्हता, कारण त्याच हाताने त्यांनी खिडकीशेजारी दोन ठोक्यांत खिळा बसवला आणि उरलेली चिकटपट्टी घालून कुणाच्यातरी लग्नातली पिशवी अडकवून दिली.

काल यजमान दंडावरचा डास मारत म्हणाले, दहा मिनिटांचं तर काम आहे, मी चिकटवून टाकतो. आणि खिळ्याकडे गेलेसुद्धा.

मी म्हटलं, “त्या पिशवीला हात लावायचा नाही.”