नानेटी अळवात, मी शेवग्यावर

मी शेवग्याच्या झाडावर शेंगा काढायला चढलो नव्हतो, हे आधीच मान्य करतो.

पण माणूस हौसेने अंबरनाथ पूर्वेला तळमजल्याचा फ्लॅट घेतो, मागच्या पट्टीत अळू लावतो, रविवारी सकाळी पाणी घालायला जातो आणि अळवातून पिवळ्या पट्ट्यांचा साप बाहेर येतो! त्याने काय करावं? स्वतःची ओळख करून द्यावी?

"नाग! नाग!" मी ओरडलो, चप्पल फेकली आणि एकदम शेवग्यावरच होतो. (एरवी मी स्टुलावरही चढत नाही.)

बायको, सुरेखा, लाटणं घेऊनच धावत आली. मागोमाग चामटोलीहून राहायला आलेल्या सासूबाई. त्यांनी वाकून अळवात पाहिलं.

"कसला नाग? नानेटी हाय ती. चावली तरी काय व्हत नाय."

"पण चावायचं कशाला?" मी वरून गरजलो.

"तुम्हाला कोण चावतंय, जावयबापू? ती बेडकं खायला येते."

एवढ्यात कुंपणापलीकडून शेजारचे सिंधी काका डोकावले. एका हाताने कपाळ चोळत होते, दुसऱ्या हातात माझी चप्पल! "साईं, हिलो मत! किधर है कोब्रा?" साप जमिनीवर होता, पण सगळे बघत होते मलाच!

मी वरूनच सर्पमित्रांना फोन लावला. "दहा फूट आहे! फणा काढून उभा आहे!"

थोड्या वेळाने स्कूटीवरून एक तरुणी आली. तिने अळवाची पानं बाजूला केली आणि दीड फुटाची नानेटी अलगद हातावर घेतली.

"काका, हिला काही मारलं नाहीत ना? लागलं असेल हो!"

हिला! झाडावर लटकलेल्या माणसाची चौकशी नाही!

तिने पटकन मोबाइलवर फोटो काढला. "बिनविषारी आहे. इथेच राहू दे, बागेला चांगली."

"अजिबात नाही! या घरात एक तर ती राहील, नाही तर मी!"

सासूबाईंनी लेकीकडे पाहिलं. लेकीने नानेटीकडे पाहिलं. दोघी चक्क विचार करत होत्या! संतापून मी पाय आपटला. शेवग्याचीच फांदी ती! कडकन मोडली आणि मी थेट अळवात.

दवाखान्यात डॉक्टरांनी सुजलेला घोटा पाहिला. "साप चावला?"

"नाही."

"मग?"

"साप चावू नये म्हणून..." सुरेखा सांगायला लागली आणि हसू न आवरल्याने बाहेर निघून गेली.

माझा पाय तीन आठवडे प्लास्टरमध्ये. नानेटी बाईसाहेब पुन्हा अळवात मजेत!

त्या तरुणीने स्टेटसला तो फोटो ठेवला : पुढे नानेटी, मागे शेवग्यावर लोंबणारा मी. सुरेखाने तो माहेरी पाठवला. चामटोलीत नानेटी सगळ्यांनी एका नजरेत ओळखली. झाडावरचं माकड कुठलं, तेवढंच विचारत होते!