पाठकोरा कागद

एका बाईचा मुलगा मी अर्जाच्या तिसऱ्या ओळीत मारून टाकला, आणि तेही सुवाच्य अक्षरात.

त्याचं असं झालं. आमच्या नागरी हक्क समितीत वकीलबाई कायदा बघतात, एक निवृत्त गुरुजी लोकांना धीर देतात, आणि मला दोन्ही जमत नसल्यामुळं मी अर्ज लिहितो. दर रविवारी सकाळी सायकलच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही बसतो. नियम एकच: अर्ज मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घ्यायचा नाही.

ही बाई सिल्लोडकडच्या खेड्यातली. मुलगा वाळूजला ठेकेदाराच्या हाताखाली कामाला. चोरीच्या संशयावरून त्याला खोलीवरून चौकशीला नेलं. संध्याकाळी सोडला, असं चौकीतले सांगत होते. खोलीवर तो पोचलाच नाही. दोन महिने झाले होते. हरवल्याची नोंद घ्या आणि त्या दिवसाचं सीसीटीव्ही फुटेज दाखवा, एवढंच मागणं.

त्याआधीचे कित्येक रविवार मी कंपनीत दगावलेल्या कामगारांच्या भरपाईचे अर्ज खरडत होतो. हाताला वळण पडलेलं. मी खणखणीत वाचू लागलो, "माझा मयत मुलगा..."

शाईच्या पॅडवर टेकलेला तिचा अंगठा तिथंच थांबला.

"कोण मेलं?"

गुरुजी म्हणाले, "कुणी नाय, माय. आमचा हा कारकून जरा येडा आहे."

"येडं असू द्या," ती म्हणाली. "पण कागदावर आलं की खरं होतं. चौकीवाल्यानं 'सोडला' लिवलं, तर समदे म्हणतात सोडला. तुमी मेला लिवलं तर उद्या समदे तेच म्हणतील. फाडा त्यो कागद, भाऊ."

"फाडतो."

नवा अर्ज लिहिला, दोनदा वाचला. प्रत्येक वाक्याला ती "व्हय" म्हणाली, अंगठा दिला आणि बस गाठायला गेली.

आता माझा दुसरा गुण. पाठकोरा कागद माझ्याच्यानं फाडवत नाही. खोड पिढीजात आहे. वडिलांनी उभ्या हयातीत लग्नपत्रिकांच्या पाठीवरच हिशेबाची टिपणं आणि पत्रं लिहिली. तर तो कागद मी घडी घालून खिशात टाकला आणि घरी फ्रिजवरच्या गठ्ठ्यात ठेवून दिला.

अर्जाची पोच मिळाली, उत्तर आलं नाही. ती मात्र एक रविवार आड यायची. काही मागायची नाही. प्रत पुढं करून म्हणायची, "वाचा, भाऊ." मी वाचायचो, "माझा मुलगा..." आणि त्या दोन शब्दांच्या मधे दरवेळी अडखळायचो. तिथं काही लिहिलेलं नव्हतं, तरी मला दिसायचं.

गेल्या रविवारी ती म्हणाली, "सोयगावाकडं हिरीत कुणी घावलं म्हणून मला बघाया नेलं होतं. माझं लेकरू नव्हतं त्ये." मग प्रतीची घडी घालत, "त्यो पयला कागद फाडला ना, भाऊ?"

"कधीच फाडला, माय," मी म्हणालो. त्या वेळी मात्र मुळीच अडखळलो नाही.

घरी येऊन गठ्ठा उपसला. कागद नव्हता. बायको म्हणाली, "चार घड्यांचा? त्याच्यावर मी किराण्याची यादी लिहिली की. दुकानात दिली."

तसाच दुकानात गेलो. दुकानदार हसला. "काका, याद्या कोण ठेवतंय? पुड्या बांधल्या असतील त्याच्या."

म्हणजे ती ओळ आता या शहरात कुणाच्या तरी स्वयंपाकघरात मोहरीभोवती गुंडाळलेली असणार. पुडी सोडता सोडता कुणीतरी सहज वाचेल, आणि खरं मानेल. अक्षर चांगलं आहे ना!

घरी परतून बायकोला सगळं सांगितलं. ती उठली. डब्यातल्या सगळ्या पुड्या तिनं ओट्यावर मांडल्या. जिऱ्याची सोडली, कागद हातानं सपाट केला, दोन्ही बाजू पाहिल्या. ओव्याची सोडली. मग तिळाची. कुणाच्या परीक्षेचा पेपर निघाला, कुठलं तरी जुनं कॅलेंडर निघालं. तो नव्हता.

मोकळे कागद तिनं एकावर एक रचले. मग म्हणाली, "रविवारी मी पण येते. फाडला म्हणालात ते तुम्ही आधी मागं घ्या. यादी माझी होती, ते मी सांगते."