गोदाबाईंनी धुतलेला दगड

वाघोलीत गोदाबाईंचा पत्ता विचारला की लोक उलट विचारत, "धुणाऱ्या गोदाबाई का?" धुणी नव्हे हो, दगड. पुण्याच्या आसपासच्या काळ्या खडकात पोकळ्या असतात, आणि त्यांत कधीकधी असे स्फटिक दडलेले असतात की बघणाऱ्याचा आ वासलेलाच राहतो. हिरवे, निळे, काचेसारखे आरपार दिसणारे. खाणवाले पूर्वी ते खडीबरोबर बिनदिक्कत चिरडून टाकत. मग परदेशात त्यांना गिऱ्हाईक आहे असं कळलं आणि सगळ्या वाघोलीला एकदम सौंदर्यदृष्टी आली.

गोदाबाई मूळच्या परभणीकडच्या. नवरा महिपती याच्याबरोबर खडी फोडायला आल्या आणि इथल्याच होऊन गेल्या. एकदा सुरुंगानंतर उघड्या पडलेल्या पोकळीतला स्फटिकांचा झुपका त्यांनी पदरात गुंडाळून बाजूला ठेवला. हातोडा उचलवेना, एवढंच कारण. तो गोपाळकृष्णांनी पाहिला. हे गोपाळकृष्ण कॉलेजात भूशास्त्र शिकवत. पुढे विद्यार्थी कॉम्प्युटरच्या मागे पळाले, वर्गात नुसते बाक उरले, तेव्हा यांनी नोकरी सोडली, नगर रस्त्याला शेड टाकली आणि स्फटिक परदेशी पाठवायचा धंदा काढला. सगळे त्यांना सर म्हणत.

"हा न तुटता कसा निघाला?" सरांनी विचारलं.

"तुटायला म्या काय आदळला व्हय त्याला?" गोदाबाई म्हणाल्या.

सरांना हे उत्तर अस्सल पुणेरी वाटलं असावं. दुसऱ्या दिवसापासून बाई शेडमध्ये कामाला.

काम एकच. आलेला माल ट्रेमध्ये पडायचा, ट्रेमधून बादलीत जायचा. रात्रभर पाण्यात भिजला की फटींतली माती सुटते, मग दातांचा जुना ब्रश आणि बाभळीचा काटा घेऊन कण न् कण साफ करायचा. आधी भिजवणं, मग बाकीचं. या नियमाला अपवाद नव्हता, कारण वाघोलीच्या दगडाला पाण्याने आजवर काही केलेलं नव्हतं. तो दगड लाव्हाच्या पोटात राहून आलेला; बादलीला काय भितोय! बाईंच्या हातून एकही स्फटिक कधी दुखावला नव्हता. याचा त्यांना अभिमान होता, आणि तो त्या लपवत बिलकूल नसत.

त्यांच्या शेजारी बसायची बिलकिस. स्फटिक कापसात, मग कागदात, मग खोक्यात असे बांधायची की विमानातून आदळले तरी जिवंत उतरावेत. तिच्या सासरची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या पुण्याचीच, आता हडपसरला राहणारी. नवरा युसूफ रिक्षांच्या सीटा शिवायचा. तिकडे हडपसरला, खराडीला आयटीच्या इमारती धडाधड उठत होत्या. जेवढ्या इमारती तेवढी खडी, जेवढी खडी तेवढ्या पोकळ्या. देशाने दारं उघडली म्हणतात ना, त्यात गोदाबाईंच्या वाट्याला चार बादल्या जास्त आल्या आणि बिलकिसच्या वाट्याला रविवारचं काम आलं. दोघी एका डब्यात जेवत. बिलकिस त्यांना मावशी म्हणायची आणि मावशी तिच्या डब्यातलं लोणचं न विचारता संपवायच्या.

तर एका वर्षी, एप्रिलच्या ऐन उन्हात, एका जर्मन संग्राहकाने सरांकडच्या हिरव्या स्फटिकाच्या बदल्यात आपल्याकडचा एक पाठवला. सर बंगळूरला प्रदर्शनाला गेलेले. पार्सल सोडलं त्यांच्या मुलीने, पूर्णिमाने. ती हडपसरच्या एका कंपनीत कामाला होती आणि शनिवारी सुट्टी असली की शेडमध्ये येऊन सरांची वेबसाइट सांभाळायची. मुठीएवढा, स्वच्छ काचेसारखा स्फटिक निघाला, वरून जरासा पांढुरका मळ बसलेला. "क्यूट आहे," असं म्हणून तिने तो ट्रेमध्ये ठेवला आणि ती लॅपटॉपकडे वळली. ट्रेमधला दगड गोदाबाईंनी संध्याकाळी बादलीत सोडला आणि त्या घरी गेल्या.

हा दगड म्हणजे ब्लोडाइट. मिठाच्या खाणीत सापडणारं, पाणी धरून बसलेलं सल्फेट. दिसायला आपल्या वाघोलीच्या पारदर्शक स्फटिकासारखा. ओळ लावून ठेवले तर भलेभले फसतील. पण पाण्यात टाकला की साखर जाते तसा जातो. "धुऊ नका" असं त्या जर्मन माणसाने कुठे लिहिलं नव्हतं. कसं लिहिणार? मिठाच्या पुडीवर तुम्ही लिहिता का?

शनिवारी बादलीत घातलेला दगड सोमवारी सकाळी बादलीत नव्हता. गोदाबाईंनी कोपरापर्यंत हात घालून तळ चाचपला. बाकीच्या बादल्या बघितल्या. ट्रे बघितला. टेबलाखाली वाकून बघितलं. मग त्या नळावर गेल्या, कारण बिलकिस तिथे पाणी भरत होती. नळावर शेडची झाडलोट करणाऱ्या सुशीलाबाई होत्या आणि खाणीवरच्या पाचसहा बायका होत्या.

"बिलकिस, काल तूच व्हतीस ना शेडात?"

"मीच. रविवारी आणखी कोण येतंय मरायला?"

"मंग बादलीतला दगड कुठं हाय?"

"कुठला दगड, मावशी?"

"आता कुठला दगड म्हन!"

बिलकिसने कळशी खाली ठेवली. "तुम्ही मला चोर म्हणताय?"

इथे गोदाबाईंना "नाही गं" म्हणता आलं असतं. दोन शब्दांचं काम होतं. पण आयुष्यभर ज्याने दगड फोडले आणि दगड धुतले, त्या माणसाला दगड नाहीसा होतो हे मुळात ठाऊकच नाही. दगड फुटतो, झिजतो, हरवतो आणि चोरला जातो. फुटला नव्हता, हरवायला जागा नव्हती. उरलं काय?

"म्या कुनाला काय म्हनत न्हाई," गोदाबाई म्हणाल्या. "पर दगडाला पाय फुटत न्हाईत."

बायका बिलकिसकडे बघायला लागल्या. बिलकिसने कळशी तिथेच सोडली, शेडमधून पिशवी घेतली आणि ती निघून गेली. गोदाबाईंनी काय केलं? त्यांनी ती बादली तशीच्या तशी झाकली, वर परात ठेवली आणि परातीवर वजन. खाणीत एकदा अपघात झाला होता, तेव्हा पोलिसांनी पंचनामा होईपर्यंत कशाला हात लावायचा नाही असं बजावलं होतं. ते बाईंच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. संध्याकाळी पूर्णिमा म्हणाली, "बाबांना तिथे टेन्शन नको द्यायला, आले की बघू." मंगळवारी बिलकिस आली नाही. गोदाबाई एकट्या जेवल्या आणि मनाला समजावत राहिल्या की आपलं काय चुकलं, चुकलं तर तिचं. डबा मात्र अर्धाच राहिला.

बुधवारी संध्याकाळी सर आले. पूर्णिमाने दारातच सांगितलं, "बाबा, तो जर्मनीचा स्फटिक चोरीला गेला."

"चोरीला? तो कोण चोरणार? ठेवला कुठे होता?"

"धुवाया घातलावता," गोदाबाई म्हणाल्या.

सर खुर्चीवर बसले. मग ते उठले, परात काढली, बादलीत बोट बुडवलं आणि चक्क चाटलं.

"आहे की इथेच," ते म्हणाले. "सापडला."

गोदाबाईंना वाटलं, प्रवासाचा शीण असेल. पण सरांमधला मास्तर जागा झाला होता आणि तो एकदा जागा झाला की तास संपेपर्यंत निजत नसे. "ब्लोडाइट. सोडियम आणि मॅग्नेशियम, दोघांचं मिळून सल्फेट, आणि आत पाणी. एकनताक्ष स्फटिक, चकाकी काचेची, कडकपणा तीनच्या आत, तांब्याच्या पैशाने ओरखडा उठेल. ओळखायची खूण म्हणजे चव. आधी खारट, मग कडसर. घ्या, बघा."

गोदाबाईंनी बोट बुडवून चाखलं. खारट. मग कडू.

"आपल्या वाघोलीच्या दगडातही पाणी असतं, बाई. पण तो सिलिकेट. त्याचं घर पक्क्या बांधणीचं, पाणी आलं-गेलं तरी भिंती उभ्या राहतात. हा सल्फेट, मिठाच्या जातीचा. समुद्र आटला तेव्हा जन्मला, पाणी दिसलं की परत निघाला."

"म्हंजे दगड म्याच..."

"तुम्हीच. छान स्वच्छ झालाय." सरांनी परात पूर्णिमाच्या हातात दिली. "पूर्णिमा, हे पाणी उन्हात आटवत ठेवू. स्फटिक परत येतील. अर्थात त्याला आता खनिज म्हणता यायचं नाही. निसर्गाने केलं तर खनिज, गोदाबाईंनी केलं तर मीठ. वर्गीकरणात बाईंना जागा नाही. पण कपाटात ठेवायला बरं."

गोदाबाईंना यातलं काही ऐकू येत नव्हतं. त्यांना नळ दिसत होता आणि खाली ठेवलेली कळशी दिसत होती. आपण त्या पोरीला चोर म्हणालो. आणि वर 'कुनाला काय म्हनत न्हाई' असंही म्हणालो.

"सर, पानी मला पायजे," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"बिलकिसकडं न्यायाचं हाय."

"अहो, मी फोन करतो ना तिच्या शेजाऱ्यांकडे. सांगतो सगळं."

"नळावर म्या बोलले. तुमी फोनवर कशाला बोलताय?"

सर थांबले. त्यांनी परात पूर्णिमाच्या हातातून काढून घेतली आणि बादलीवर परत ठेवली. "न्या. पण बोटभरच चाखायला द्या. यात जुलाबाची दोन मिठं आहेत, एकत्र. कोणी पेलाभर प्यायलं तर पोट धुऊन निघेल."

गुरुवारी सकाळी गोदाबाई बादली मांडीवर घेऊन सहा आसनी रिक्षात बसल्या. ड्रायव्हरने विचारलं, "दूध का?" बाई म्हणाल्या, "दगड हाय." त्याने एकदा बादलीत पाहिलं, एकदा बाईंकडे पाहिलं आणि बादलीचे वेगळे पैसे मागण्याचा विचार सोडून दिला. खराडीला एकदा बदलली, मुंढव्याला एकदा बदलली. प्रत्येक खड्ड्याला बाई दोन्ही हातांनी परात दाबून धरत होत्या.

सुशीलाबाई राहायला बिलकिसच्याच गल्लीत. त्यामुळे सोमवारी वाघोलीच्या नळावर झालेली गोष्ट सोमवारीच हडपसरच्या नळावर पोचली होती. गल्लीतले निम्मे लोक कंपन्यांत कामाला जाताना खोल्यांच्या किल्ल्या बिलकिसकडे ठेवून जात. तिच्या दारामागे खिळ्यांची ओळच होती. गोदाबाई दारात उभ्या राहिल्या तेव्हा त्या खिळ्यांवर एकही किल्ली नव्हती. मंगळवारपर्यंत ज्याने त्याने येऊन नेली होती. भांडण नाही, तंटा नाही. "जरा लागतेय," म्हणाले आणि नेली.

बिलकिस तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं नाही. गोदाबाई आत गेल्या नाहीत, दारातच, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "दगड म्याच बुडवला. त्यो मिठाचा व्हता, पान्यात गेला. बिलकिसवर म्या खोटा आळ घेतला. चव बगा आन मंग बोला."

दारं उघडली. पहिली आली बिलकिसची सासू. तिने बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं आणि तोंड वाकडं केलं. "अगं, हे तर विलायती मीठ! माझा बाप द्यायचा आम्हांला जुलाबाला, महिन्याच्या महिन्याला." मग बाकीचे आले. एकेक बोट, एकेक वाकडं तोंड. गोदाबाई बादली धरून उभ्या होत्या आणि प्रत्येकाला तेच वाक्य पहिल्यापासून सांगत होत्या. सुशीलाबाई मागच्या मागे सटकत होत्या; गोदाबाईंनी त्यांना नावाने हाक मारून बोलावलं आणि दोनदा चाखायला लावलं.

गर्दी पांगली तेव्हा बिलकिस उठून दाराशी आली.

"तू बी बघ की," गोदाबाईंनी बादली पुढे केली.

"मला कशाला चव? मी चोर नाही हे मला माहीत होतं." तिने बादलीकडे पाहिलंही नाही. "मावशी, दगड पाण्यात विरघळतो हे सरांनी सांगितलं आणि तुम्हांला लगेच पटलं. मी इतकी वर्षं तुमच्या शेजारी बसले. मी सांगत होते ते पटलं नाही."

गोदाबाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि हातांत बादली असल्यामुळे ते पुसताही येईना.

बिलकिस आत गेली. स्टीलचा मोठा पेला घेऊन आली. तो तिने बादलीत बुडवला, काठोकाठ भरला आणि गोदाबाईंच्या पुढे धरला.

"घ्या."

पोटाचं काय होणार हे सरांनी गोदाबाईंना सांगितलं होतं. सासूबाईंनी तर आत्ताच गल्लीभर सांगितलं होतं. बाईंनी बादली खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि पेला घेतला. घोट घोट करत नाही बसल्या. मान वर करून एका दमात, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या. अंगावर शहारा आला. पेला उलटा करून त्यांनी बिलकिसला दाखवला आणि त्या वाघोलीला परत जायला वळल्या.

"निघालात कुठे?" बिलकिस म्हणाली. "या पोटाने आता रिक्षात बसणार? आत या. संडास मागच्या बाजूला आहे, उजवीकडे. मी पाणी भरून ठेवते."

आणि ती पाणी भरायला गेली.