त्यांच्यात मामा म्हणजे वडील

साताऱ्याच्या स्टँडवर बॅग डिकीत ढकलून अण्णा म्हणाले, “पोचलीस की फोन कर. आन् हिकडं काय दुखलं-खुपलं तर आम्ही तुला सांगणार न्हाई. लांबच्या माणसाच्या जिवाला उगं घोर नको.” माझे वडील, उभी हयात एसटीत घालवलेला माणूस. गाडी सुटेपर्यंत माझ्याकडे नाही, टायरकडे बघत राहिले.

घर सोडून बाहेर गेलेल्यांनो, तुमच्याही घरी हेच वाक्य असणार. आणि घरच्यांनो, त्यानं आम्ही निर्धास्त होतो असं तुम्हाला वाटतं. कसलं काय! काकूचं ऑपरेशन मला टाके निघाल्यावर कळलं. तेव्हापासून फोनवर “सगळं ठीक” ऐकलं की माझा विश्वास बसत नाही.

इथं बहरीनला, मनामात, एका हॉटेलात मी बँक्वेट हॉल सांभाळते. गेल्या आठवड्यात जॉर्जियाहून लोकनृत्याचा एक ताफा आला. दुपारी हॉलमध्ये तालीम चालायची. लांब काळे अंगरखे घातलेले पुरुष पायाची बोटं मुडपून त्यांवरच उड्या मारायचे आणि तलवारीवर तलवार आदळून ठिणग्या पाडायचे. मी आपली गालिचा आणि फायर अलार्म यांच्याकडे बघत उभी. काही पेटलं तर नोकरी खलास, व्हिसा खलास.

मग नाच थांबला आणि ते वाद्यांशिवाय गायला लागले. एक आवाज तळाशी जात्यासारखा घरघरत राहिला, त्यावर दुसरे दोन चढले. शब्द एक कळत नव्हता, तरी अंगावर काटा आला. आमच्या आळीत पुरुष असे दाटीनं बसून गातात ते बहुतेक कुणी गेल्यावर, भजनाला.

नीनो ही त्यांच्यातली तरुण नर्तिका. पायघोळ झग्यात पाऊल न दिसता नुसती सरकत जायची. त्या दुपारी तिला घरून फोन आला आणि ती मटकन खाली बसली. “मामा! मामा!” म्हणून रडायला लागली. मी पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला. मनात आलं, मामा गेला वाटतं. वडील नाहीत, तेवढं तरी बरं.

त्यांची म्होरकी बाई मोडक्या इंग्रजीत म्हणाली, आमच्या भाषेत मामा म्हणजे वडील. बरेच दिवस दवाखान्यात होते, आज गेले. भावानं हिला कळवलं नाही. म्हणाला, ती लांब आहे, उगाच काळजी करेल.

मी पँट्रीत जाऊन अण्णांना फोन लावला. उचलला मामानं. माझ्या मामानं, आईच्या भावानं. कामाच्या दिवशी कराड सोडून हा आमच्याकडे कसा?

“अण्णा कुठायत?”

“हायती की. दाजी झोपल्यात. तू जेवलीस का?”

“मामा, लीव्ह टाकून येऊ का?”

या प्रश्नाला आमच्या घरी एकच उत्तर ठरलेलं आहे: कशाला उगं येतीस. मी देवाला म्हणत होते, तेवढं म्हणू दे.

 मामा म्हणाला, “ये बाळ.”

हे मी एअरपोर्टवर बसून लिहितेय. इतकी वर्षं घर म्हणजे मला गावची खोली वाटायची, मग इथला फ्लॅट वाटायला लागला. दोन्ही खोटं. “कशाला येतीस” म्हणून अडवणारं माणूस जिथं आहे, ते घर.

अण्णा, मी समोर आले की चिडा माझ्यावर. “कशाला आलीस” म्हणा.